पेंग्विनांचा खरा पत्ता

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगातील बहुतेक देशांच्या मालावर वाढीव आयातशुल्क जाहीर केले, तेव्हा त्या यादीत हर्ड व मॅकडोनल्ड या बेटांचेही नाव झळकले. ही बेटे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील असून पर्थच्या नैर्ऋत्येस सुमारे चार हजार किलोमीटरांवर आहेत. तेथे मनुष्यवस्ती नाही, बंदर नाही, कारखाना नाही. एक धुमसता ज्वालामुखी, हिमनद्या, सील आणि लक्षावधी पेंग्विन एवढाच काय तो तेथील संसार. या संसारावर दहा टक्के जकात बसल्याचे पाहून जगभरच्या व्यंगचित्रकारांनी हात धुऊन घेतले, आणि चार दिवसांनी तो विषय मागे पडला. परंतु त्या हशात एक साधी भौगोलिक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ही बेटे हिंदी महासागराच्या दक्षिण भागात आहेत. ज्या महासागराला या देशाचे नाव मिळाले, ज्याचा अरबी समुद्र हा एक भाग आहे आणि ज्याच्या लाटा रत्नागिरी-मालवणच्या पुळणींवर येऊन फुटतात, त्याच महासागराच्या दुसऱ्या टोकाला पेंग्विन नांदत आहेत.

पेंग्विन म्हटले की बर्फ, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. मुलांच्या चित्रांच्या तक्त्यांत एस्किमोचे बर्फाचे घर, ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन ही मंडळी एकमेकांच्या शेजारी सुखाने उभी असतात. वस्तुतः अस्वल उत्तर ध्रुवाकडचे, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला. निसर्गात त्यांची गाठ पडणे अशक्य. ही चूक तशी निरुपद्रवी आहे आणि कोणीही शिक्षक ती एका वाक्यात दुरुस्त करू शकेल. परंतु त्याहून मोठी चूक म्हणजे सगळेच पेंग्विन बर्फावर राहतात ही समजूत. ही चूक निरुपद्रवी नाही, कारण जो पक्षी कोठे राहतो तेच ठाऊक नाही, त्याचे घर उद्ध्वस्त होत असताना त्याची दखल कोण घेणार?

अठरा जाती, दोनच हिमखंडवासी

पेंग्विनांच्या सर्वसाधारणपणे अठरा जाती मानल्या जातात. त्यांपैकी अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्यावर सर्वदूर पसरलेल्या जाती दोनच: एम्परर म्हणजे सम्राट पेंग्विन आणि अडेली. चिनस्ट्रॅप, जेंटू व थोड्या प्रमाणात मॅकरोनी या आणखी तीन जाती अंटार्क्टिकाच्या उत्तरेकडे झेपावणाऱ्या द्वीपकल्पावर पिले वाढवितात; पण त्यांची बहुसंख्य प्रजा आसपासच्या बेटांवर राहते. उरलेल्या तेरा जातींना अंटार्क्टिकाची भूमी जवळजवळ परकीच आहे. त्यांची घरे न्यूझीलंडच्या पावसाळी अरण्यांत, ऑस्ट्रेलियाच्या वाळूच्या टेकड्यांत, पेरू व चिलीच्या वाळवंटी कड्यांत, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झुडपांत आणि थेट विषुववृत्तावरील लाव्हाच्या कपारींत आहेत.

इतक्या निरनिराळ्या प्रदेशांत समान असे काय आहे? जमिनीकडे पाहिले तर काहीच नाही. समुद्राकडे पाहिले की उलगडा होतो. पेंग्विन जेथे जेथे आढळतात तेथे तेथे जवळपास थंड पाण्याचा प्रवाह आहे, किंवा समुद्राच्या तळाकडचे थंड पाणी वर उचलले जाते. हे पाणी क्षारांनी समृद्ध असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर क्रिल व छोटे मासे पोसले जातात आणि त्यांवर पेंग्विन. क्रिल म्हणजे आपल्याकडच्या जवळ्यासारखा दिसणारा चिमुकला जीव. पेंग्विनाला उडता येत नाही. आकाश सोडून त्याने पाणी पत्करले आणि त्याचे पंख वल्ही बनले. त्यामुळे अन्नासाठी शेकडो मैल आभाळातून भटकण्याची मुभा त्याला नाही. पिले असतील त्या जागेपासून पोहून जाऊन परत येता येईल एवढ्याच टापूत त्याला मासळी मिळाली पाहिजे. जमीन त्याला केवळ बाळंतपणापुरती आणि पिसे बदलण्यापुरती लागते. त्याचा खरा पत्ता लिहावयाचा झाल्यास देशाचे नाव न लिहिता सागरी प्रवाहाचे नाव लिहावे लागेल.

मग हा पक्षी उत्तर गोलार्धात का गेला नाही? तेथेही थंड समुद्र आहेत आणि मासळीही विपुल आहे. कारण वाटेत उष्ण कटिबंधाचे कोमट पाणी आडवे आहे. उडणारा पक्षी ते ओलांडू शकतो. पोहणाऱ्याची त्यात उपासमार होते. पेंग्विनांचे सर्वांत जुने जीवाश्म न्यूझीलंडमध्ये सापडले असून ते सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दीडशे किलो वजनाच्या एका प्राचीन पेंग्विनाचे अवशेषही तेथेच मिळाले व त्याचे वर्णन २०२३ साली प्रसिद्ध झाले. आज जेथे अंटार्क्टिकाचा हिमस्तर आहे, तो तयार होण्याच्या कितीतरी आधीपासून पेंग्विन पृथ्वीवर आहेत. बर्फ हा त्यांच्या इतिहासातील अलीकडचा अध्याय आहे.

'पेंग्विन' हे नाव मात्र उत्तरेचे आहे. उत्तर अटलांटिक महासागरात ग्रेट ऑक नावाचा न उडणारा काळा-पांढरा पक्षी होता; युरोपातील खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. दक्षिणेच्या सफरींत त्याच्यासारखा दिसणारा पक्षी भेटला, तेव्हा त्यांनी तेच नाव त्यालाही दिले. वास्तविक या दोघांचे नाते नाही. मांस, तेल व पिसांसाठी ग्रेट ऑकची बेसुमार कत्तल झाली आणि १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर त्याची अखेरची ज्ञात जोडी मारली गेली. मूळ धनी गेला आणि नाव उरले. आज ते नाव वागविणाऱ्या पक्ष्यांपुढे कोणते ताट वाढून ठेवले आहे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

गोठलेला समुद्र हीच भूमी

प्रथम बर्फावरच्या दोघांकडे पाहू. सम्राट पेंग्विन सर्वांत मोठा. उभा राहिला की चार फुटांच्या आसपास आणि वजन कधी चाळीस किलोंपर्यंत. अंटार्क्टिकाच्या भीषण हिवाळ्यात तो अंडे घालतो. मादी अंडे नराच्या स्वाधीन करून समुद्राकडे जाते आणि नर सुमारे दोन महिने ते आपल्या पायांवर तोलून, पोटाच्या घडीखाली झाकून, उपाशी उभा राहतो. परंतु तो उभा असतो ती बहुतेक ठिकाणी जमीन नसते. किनाऱ्याला चिकटून गोठलेला समुद्र असतो. एखादा सम्राट पेंग्विन सबंध आयुष्यात मातीला पाय न लावता जगू शकतो. १९११ सालच्या हिवाळ्यात कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील तिघे जण या पक्ष्याची अंडी मिळविण्यासाठी केप क्रोझियरपर्यंत अंधारातून पायी गेले आणि तीन अंडी घेऊन कसेबसे परतले. त्या काळी ही वसाहत गाठणे म्हणजे मृत्यूच्या दारात जाणे होते. आज उपग्रहांच्या छायाचित्रांतील विष्ठेच्या तपकिरी डागांवरून खंडाभोवतीच्या साठांहून अधिक वसाहती ओळखता आल्या आहेत.

या वसाहतींचे भवितव्य एका तारखेवर अवलंबून असते. पिलांच्या अंगावरची मऊ लव गळून पाण्याला दाद न देणारी पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे. तो आधीच फुटला तर पिले समुद्रात पडून बुडतात अथवा गारठून मरतात. वेडेल समुद्रातील हॅली उपसागराची वसाहत जगातील दुसऱ्या क्रमांकाची होती. २०१६ पासून सलग तीन वर्षे तेथे जवळजवळ एकही पिल्लू वाचले नाही. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचांपैकी चार वसाहतींत हाच प्रकार घडला. येथे शिकारी नाही, बंदूक नाही, जाळे नाही. हजारो मैलांवरच्या धुरांड्यांचा परिणाम येथे एका गोठलेल्या उपसागरात प्रकट होतो.

अडेली पेंग्विनाला समुद्रावरचा बर्फ हवा असतो, पण घरटे मांडण्यासाठी त्याला खडे असलेली उघडी जमीन लागते. फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल याने १८४० साली अंटार्क्टिकाच्या एका किनाऱ्याला आपल्या पत्नीचे नाव दिले आणि तेच पुढे या पक्ष्याला चिकटले. द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूस हवा तापल्याने अडेली घटत आहेत आणि त्यांच्या जागी कमी बर्फ मानवणारे जेंटू दक्षिणेकडे सरकत आहेत. उलट द्वीपकल्पाच्या टोकाजवळील डेंजर बेटांवर साडेसात लाख जोड्या नांदत असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. एवढी मोठी वस्ती कोणाच्या हिशेबात नव्हती. एकाच खंडाच्या दोन किनाऱ्यांवर एकाच जातीचे नशीब असे वेगळे असू शकते. 'पेंग्विन वाढले' किंवा 'पेंग्विन संपले' अशा ठळक मथळ्यांवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वाऱ्याच्या बेटांवर

अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड सागरी प्रवाह अखंड फिरत असतो. त्याच्या परिसरात विखुरलेली लहानलहान बेटे हे पेंग्विनांचे खरे माहेरघर. अटलांटिकमध्ये फॉकलंड, साउथ जॉर्जिया व साउथ सँडविच. हिंदी महासागरात मॅरियन, क्रोझे, केर्गेलेन व हर्ड. पॅसिफिकच्या बाजूस मॅकरी. साउथ सँडविचमधील झावोडोव्स्की बेट हा धगधगता ज्वालामुखी आहे आणि त्याच्या राखेच्या उतारांवर दहा लाखांहून अधिक चिनस्ट्रॅप पेंग्विन दाटीवाटीने राहतात. जेंटूंची सर्वांत मोठी वस्ती फॉकलंडच्या गवताळ किनाऱ्यांवर आहे. रॉयल पेंग्विन तर मॅकरी व तिच्या लगतचे खडक सोडून जगात कोठेही पिले वाढवीत नाही.

मॅकरी बेटाची कथा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९१९ पर्यंत तेथे लोखंडी पिंपांत पेंग्विन उकळून तेल काढण्याचा धंदा चालला होता. त्याविरुद्ध लोकमत उभे राहिले, परवाना थांबला आणि १९३३ साली बेट अभयारण्य झाले. परंतु माणसाबरोबर आलेले उंदीर व ससे मागे राहिले होते. मोठ्या खर्चाने व चिकाटीने त्यांचा नायनाट केल्यानंतर २०१४ साली बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. नुकसान करण्यास तीस वर्षे पुरली. भरून काढण्यास सुमारे एक शतक लागले.

किंग म्हणजे राजा पेंग्विन हा मोठेपणात सम्राटाच्या खालोखाल. पण तो बर्फावर पिले वाढवीत नाही. क्रोझे द्वीपसमूहातील एका बेटाला फ्रेंच भाषेत 'डुकरांचे बेट' म्हणतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे राजा पेंग्विनांच्या सुमारे पाच लाख जोड्या मोजल्या गेल्या होत्या आणि ती या जातीची जगातील सर्वांत मोठी वसाहत होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सुमारे साठ हजार जोड्यांवर आल्याचे दिसले. या बेटांवरील राजा पेंग्विन पिलांसाठी अन्न आणण्यास दक्षिणेकडे शेकडो किलोमीटर पोहून जातात, कारण थंड व कोमट पाण्याच्या सीमेवर मासळीचा सुकाळ असतो. समुद्र तापला की ही सीमा आणखी दक्षिणेला सरकते. बेट मात्र जागचे हलत नाही. बापाला परतण्यास उशीर होतो आणि पिल्लू उपाशी मरते. कचेरी दूर गेली आणि बिऱ्हाड बदलता येईना, अशा चाकरमान्याची ओढाताण ज्याने अनुभवली आहे, त्याला हे संकट वेगळे समजावून सांगावयास नको.

अरण्य आणि वाळू

न्यूझीलंड हा देश पेंग्विनांच्या बाबतीत भाग्यवान. पीतनेत्री, फियॉर्डलँड, स्नेअर्स आणि ताठ तुऱ्याचा अशा चार जाती केवळ त्याच्या मुख्य बेटांवर किंवा दक्षिणेकडील त्याच्या लहान बेटांवर पिले वाढवितात. फियॉर्डलँड पेंग्विन नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या दाट पावसाळी अरण्यात, मुळांच्या खाली व गुहांत घरटे करतो. पीतनेत्रीला माओरी लोक होइहो म्हणतात. तोही किनारपट्टीच्या जंगलात एकांत शोधतो. कुरणांसाठी ती जंगले तुटली, युरोपीय वसाहतकारांनी आणलेली मांजरे व मुंगसाच्या स्वभावाचे स्टोट हे प्राणी पिलांवर तुटून पडू लागले आणि समुद्रात मासेमारीची जाळी वाट अडवू लागली. हा पेंग्विन आज जगातील अत्यंत दुर्मिळ पेंग्विनांपैकी एक आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या किनाऱ्यांवर राहणारा लिटल पेंग्विन सर्वांत लहान. वजन जेमतेम किलोभर. मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर संध्याकाळी समुद्रातून बिळांकडे परतणाऱ्या या पक्ष्यांची रांग पाहण्यास जगभरचे प्रवासी येतात. परंतु त्या बिळांच्या जागेवर एके काळी घरांचे भूखंड पाडले गेले होते. घरे, मोटारी, कुत्री आणि कोल्हे यांच्या कचाट्यात पक्षी सापडला. १९८५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने ती सबंध वसाहत विकत घेण्याचे ठरविले आणि पंचवीस वर्षांत, २०१० पर्यंत, ते काम पुरे केले. माणसांची वसाहत उठवून पक्ष्यांची वसवली, असे उदाहरण जगात विरळा. त्याच राज्यातील वॉर्नम्बूल गावाजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन जवळजवळ संपविले होते. तेथे २००६ पासून मेंढ्या राखणारे मरेम्मा जातीचे कुत्रे पहाऱ्याला ठेवले गेले आणि पक्षी परतू लागले. उपाय नेहमीच खर्चिक किंवा अवघड असतो असे नाही. शत्रू नेमका ओळखावा लागतो.

वाळवंटाच्या काठी

पेंग्विन आणि वाळवंट हे शब्द शेजारी ठेवले तर विद्यार्थी हसतील. तरीही दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे आटाकामासारखे जगातील अतिशय कोरडे वाळवंट समुद्राला भिडते, तेथेच हम्बोल्ट पेंग्विनाचे घर आहे. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ साली या किनाऱ्यालगतचा शीत प्रवाह उष्णतामापकाने मोजला. पुढे त्या प्रवाहाला आणि पेंग्विनाला त्यांचे नाव मिळाले. विशेष असा की, वाळवंट आणि पेंग्विन ही दोन्ही त्याच प्रवाहाची अपत्ये आहेत. थंड पाण्यावरची हवा गार व जड राहते, वर चढत नाही, म्हणून किनाऱ्यावर पाऊस पडत नाही. आणि तेच थंड पाणी मासळीचे भांडार असल्याने समुद्रपक्ष्यांची तेथे दाटी होते.

पाऊस नसल्यामुळे या पक्ष्यांची विष्ठा वाहून न जाता बेटांवर साचत गेली. काही ठिकाणी तिचे थर शंभर फुटांहून जाड होते. हेच ते ग्वानो खत. १८४०च्या सुमारास युरोपातील शेतीला त्याची चटक लागली आणि पेरूच्या चिंचा बेटांवर चिनी मजुरांकरवी राक्षसी वेगाने खोदकाम सुरू झाले. या खतासाठी १८६४ साली स्पेनने ती बेटे बळकावली आणि युद्ध झाले. काही दशकांत थर संपले. हम्बोल्ट पेंग्विन याच मऊ थरात बिळे करून उन्हापासून अंडी वाचवीत असे. उघड्या खडकावर त्याला आसरा उरला नाही. पुढे पेरूने १९०९ साली सरकारी देखरेखीखाली ग्वानोची काढणी बेताने सुरू केली. पण तोवर पुष्कळ नुकसान झाले होते.

नंतर पाळी मासळीची आली. मांदेलीच्या कुळातील अँचोव्हेटा या माशाची पेरूमध्ये इतकी पकड होऊ लागली की १९७०च्या आसपास ती वर्षाला एक कोटी टनांवर गेली. त्यातील बहुतांश मासळी माणसाच्या ताटात न जाता दळून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात गेली. १९७२-७३ मध्ये एल निन्योमुळे पाणी कोमट झाले आणि आधीच ओरबाडलेला हा साठा कोसळला. हम्बोल्ट पेंग्विनाचे आज सुमारे चोवीस हजार प्रौढ पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे. २०२३ साली बर्ड फ्लूच्या साथीच्या वर्षी चिलीत हजारो पक्षी दगावले. चिलीने १९९० साली यांच्या नावाने राखीव क्षेत्र केले. पण त्याच्या आसपास खाण व बंदर उभारण्याच्या डोमिंगा प्रकल्पावरून वर्षानुवर्षे मंत्रालयांत व न्यायालयांत झुंज चालू राहिली आहे.

याच प्रवाहाचे टोक पश्चिमेला वळून गॅलापागोस बेटांकडे जाते. तेथे आणखी एक प्रवाह महासागराखालून पूर्वेकडे वाहत येऊन बेटांवर आपटतो व थंड पाणी वर आणतो. या दोन प्रवाहांच्या कृपेने विषुववृत्तावर एक पेंग्विन टिकून आहे. इसाबेला बेटाचे उत्तर टोक विषुववृत्ताच्या पलीकडे असल्याने उत्तर गोलार्धात स्वाभाविकपणे राहणारा हा एकमेव पेंग्विन ठरतो. १९८२-८३ च्या एल निन्योत त्याची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. आज तो दोन हजारांच्याही आत आहे. आंड्सच्या पलीकडे, अर्जेंटिनाच्या कोरड्या पॅटागोनिया किनाऱ्यावर, पुंता तोंबो येथे मॅगेलॅनिक पेंग्विनांची फार मोठी वसाहत आहे. हिवाळ्यात ते ब्राझीलपर्यंत पोहत जातात.

आफ्रिकेचा निर्वाणीचा इशारा

परंतु सर्वांत गंभीर स्थिती दक्षिण आफ्रिका व नामिबिया यांच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आफ्रिकन पेंग्विनाची आहे. येथे बेंग्वेला हा शीत प्रवाह आहे, येथेही वाळवंट आहे आणि येथेही ग्वानो खरवडून नेला गेला. डासेन बेटावरून वर्षानुवर्षे लक्षावधी अंडी गोळा करून केपटाऊनच्या बाजारात विकली गेली. १९५६ साली या पक्ष्याच्या सुमारे एक लाख एक्केचाळीस हजार जोड्या मोजल्या गेल्या. २००९ मध्ये त्या सव्वीस हजारांच्या घरात आल्या आणि २०२३ मध्ये दहा हजारांच्याही खाली घसरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'नष्ट होण्याच्या काठावर' या वर्गात घातले. अठरा पेंग्विनांपैकी ही वेळ प्रथम त्याच्यावर आली.

या देशातील लोकांनी पेंग्विनांवर माया केली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. जून २००० मध्ये 'ट्रेझर' नावाचे मालवाहू जहाज डासेन व रॉबेन या बेटांच्या दरम्यान बुडाले. नेल्सन मंडेला यांनी जेथे अठरा वर्षे तुरुंगवास भोगला, तेच हे रॉबेन बेट. तेलाने माखलेले सुमारे एकोणीस हजार पेंग्विन हजारो स्वयंसेवकांनी हाताने धुऊन काढले. तेल न लागलेले आणखी तेवढेच पक्षी पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले, अशासाठी की ते पोहत परत येईपर्यंत समुद्र स्वच्छ व्हावा. ते परतलेही. पक्ष्यांच्या सुटकेचा एवढा मोठा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता. तरीही पुढल्या दोन दशकांत संख्या घटतच गेली. कारण धुऊन सोडलेल्या पक्ष्याला खायला मासळी उरली नव्हती. तारली व अँचोव्ही यांचे थवे काही अंशी पाण्याच्या बदलामुळे पूर्वेकडे सरकले आणि उरलेल्यांवर यांत्रिक नौका होत्या.

येथे खरा पेच उभा राहतो. मच्छीमार धंद्याची बाजू अगदीच पोकळ नाही. या मासळीवर कारखाने चालतात, मजुरांच्या चुली पेटतात, आणि बेटांभोवती मासेमारी थांबविल्याने पेंग्विन किती वाढतील याबद्दल शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. हा वाद मिटेपर्यंत थांबायचे ठरविले असते तर पक्षी उरला नसता. अखेर २०२४ साली दोन पक्षीसंरक्षक संस्था सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये मासेमारी उद्योग, सरकार व संस्था यांच्यात तडजोड झाली आणि सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात दहा वर्षे तारली-अँचोव्हीची व्यापारी मासेमारी बंद ठेवण्याचा न्यायालयीन आदेश निघाला. ही तडजोड उशिराची आहे. पण तिच्यामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. बेटाला कुंपण घालून पेंग्विन वाचत नाही; त्याच्या ताटातील घास वाचवावा लागतो.

पत्त्यावरून निघणारा बोध

पेंग्विनाचा पत्ता प्रवाह आहे हे मान्य केले की संरक्षणाचे नकाशेही बदलावे लागतात. अंटार्क्टिकाच्या समुद्रातील मासेमारीवर १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग देखरेख करतो आणि भारत त्याचा सदस्य आहे. या आयोगाने २०१६ साली रॉस समुद्रात विस्तीर्ण संरक्षित क्षेत्र मान्य केले. पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र येथील तशाच प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. आयोगाचे निर्णय एकमताने होत असल्यामुळे मात्र रशिया व चीन यांच्या विरोधाने ते अडून राहिले. दरम्यान क्रिलची मासेमारी वाढत गेली आणि २०२५ च्या हंगामात सहा लाख वीस हजार टनांची मर्यादा वेळेआधीच गाठली जाऊन हंगाम बंद करावा लागला. हे क्रिल मत्स्यशेतीच्या खाद्यात व औषधी तेलाच्या गोळ्यांत जाते. ज्या देशाचा आवाज या आयोगात मोजला जातो, त्या देशातील सुशिक्षितांनी या वाटाघाटी म्हणजे दूरदेशीच्या भानगडी असे समजणे योग्य नाही.

मुंबईला तर या विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे. २०१६ साली भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आठ पेंग्विन आणले गेले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला. २०१७ पासून उरलेले लोकांना पाहता येऊ लागले आणि पुढे तेथे त्यांचा वंशही वाढला. त्यांच्यावरील खर्च योग्य की अयोग्य यावर पुष्कळ बोलले गेले. पण गार केलेल्या काचघरापुढे रांग लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते की हे हम्बोल्ट पेंग्विन असून त्यांच्या मूळ गावी बर्फ पडत नाही? शाळांच्या सहली तेथे जातातच. काचेपलीकडची ही मंडळी म्हणजे सागरी प्रवाह, वाळवंट, खताचा व्यापार आणि मासेमारी यांचा जिवंत धडा आहे. शिक्षकाने नकाशा उघडून पेरूच्या किनाऱ्यावर बोट ठेवले, तर भूगोलाच्या पुस्तकातील हम्बोल्ट प्रवाहाची निळी रेघ मुलांच्या मनात कायमची ठसेल.

या ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. कोकणच्या किनाऱ्यावरही तारली व बांगडा यांची पकड एखाद्या वर्षी उदंड आणि एखाद्या वर्षी नाहीशी होते. लहान जाळ्यांचे मच्छीमार आणि यांत्रिक नौका यांचे तंटे येथेही आहेत, आणि लहान मासळी दळून खाद्य करण्याचा मोह येथेही आहे. पेरूने पन्नास वर्षांपूर्वी जे भोगले आणि दक्षिण आफ्रिका आज जे भोगत आहे, ते समुद्राच्या त्याच गणिताचे उत्तर आहे. पेंग्विन त्या गणितातील केवळ सर्वांत ठळक दिसणारा आकडा. तो किनाऱ्यावर येऊन उभा राहतो, म्हणून मोजता येतो. पाण्याखाली काय घटले ते त्याच्या घटत्या रांगेवरून कळते. ग्रेट ऑकची रांग मोजणारा कोणी नव्हता. या अठरा जातींच्या बाबतीत मोजणारे आहेत, आकडे आहेत आणि उपायही माहीत आहेत. त्यांनंतरही त्यांतील एखादी जात गेली, तर अज्ञानाची सबब सांगण्याची सोय आजच्या पिढीला उरणार नाही.